लेह ते पोर्ट ब्लेअर: अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि घरातून घरात पोचायला खरे किती तास?

आमचं घर सध्या तीन ठिकाणी विभागलंय. मी साताऱ्यात, दादा फौजेत म्हणून लेहला, आणि भावजी नेव्हीत असल्याने ताई पोर्ट ब्लेअरला. गेल्या वर्षी जूनमध्ये आई लेहला होती आणि तिकडून तिला थेट ताईच्या बाळंतपणाला पोचायचं होतं, तर मी नेटवर "लेह ते पोर्ट ब्लेअर" टाकलं आणि एका साइटवर चक्क लिहिलेलं, अंतर २,९३७ किमी, विमानप्रवास चार तास. मी ते बघून आईला सांगून मोकळी झाले की सकाळी निघालीस की दुपारी ताईकडं जेवायला. आई प्रत्यक्षात साडेअठ्ठावीस तासांनी पोचली. तो आकडा खोटा नव्हता, फक्त तो कशाचा आकडा आहे हेच मला कळलं नव्हतं. म्हणून जे पहिल्यांदाच असा दोन टोकांचा प्रवास ठरवताय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय, जोडी माझी लेह-पोर्ट ब्लेअरची घेतलीय पण पद्धत कुठल्याही दोन विमानतळांना चालते.

१. आधी कोड पक्के करा

लेहच्या विमानतळाचं नाव कुशोक बकुला रिंपोचे विमानतळ, तीन अक्षरी कोड आयएक्सएल (IXL). पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, कोड आयएक्सझेड. सावरकर १९११ पासून दहा वर्षं तिथल्या सेल्युलर जेलमध्ये होते, त्यामुळे हे नाव आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, काही साइट्स नवं नाव दाखवतात काही जुनं, म्हणून नावाने शोधण्यापेक्षा कोडने शोधा, कोड तोच आहे. आणि कोड वाचताना शेवटचं अक्षर नीट बघा, कारण आपल्याकडं आयएक्सने सुरू होणारे कोड ढीगभर आहेत, संभाजीनगरचा आयएक्सयू, बेळगावचा आयएक्सजी. घाईत एक अक्षर इकडचं तिकडं झालं की भलत्याच गावाचा हिशोब समोर येतो.

२. सरळ अंतर स्वतः काढा, दहावीच्या गणितात होतं

मला हा भाग सगळ्यात आवडला म्हणून जरा सविस्तर सांगते. साइट आयता आकडा देते पण एकदा स्वतः काढलात की कुठला आकडा चुकीचा आहे ते पटकन कळायला लागतं.

गूगल मॅप्स उघडा, रनवेवर बोट दाबून धरा, दोन आकडे येतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. लेहचे साधारण ३४.१४ आणि ७७.५५, पोर्ट ब्लेअरचे ११.६४ आणि ९२.७३.

आता अक्षांशांची वजाबाकी करा: ३४.१४ वजा ११.६४ म्हणजे २२.५०. एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किमी, म्हणून २२.५० गुणिले १११, आले २,४९८ किमी. म्हणजे लेहपेक्षा पोर्ट ब्लेअर दक्षिणेला नुसतं एवढं खाली आहे.

मग रेखांश: ९२.७३ वजा ७७.५५ म्हणजे १५.१८. इथं थेट १११ ने गुणलंत तर चुकेल, कारण रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर लांब लांब असतात आणि ध्रुवाकडं जाताना जवळ येतात, सोललेल्या मोसंबीच्या फोडी टोकाला कशा एकत्र येतात तसं. म्हणून दोन्ही गावांच्या मधला अक्षांश घ्यायचा, तो येतो २२.८९, त्याचा कॉस घ्यायचा, ०.९२१, आणि तो मध्ये घालायचा. १५.१८ गुणिले १११ गुणिले ०.९२१, आले १,५५२ किमी.

आता एक बाजू २,४९८, दुसरी १,५५२, काटकोन त्रिकोण झाला, पायथागोरस लावा, दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि तिचं वर्गमूळ. उत्तर येतं २,९४१ किमी. गोल पृथ्वीचं पूर्ण सूत्र वापरून येतं २,९३७. फक्त चार किमीचा फरक! मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे हे.

एक अडचण सगळ्यांना येते, ती म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांवर नसून रेडियनवर असतो आणि कॉस भलताच येतो, कधी वजा आकडा सुद्धा. आधी कॉस ६० टाकून बघा, ०.५ आलं तर मोड बरोबर आहे, नाहीतर बदला. आयफोनवर कॉसचं बटण फोन आडवा केला की दिसतं.

हा शॉर्टकट देशातल्या अंतरांना मस्त चालतो पण मुंबई ते अमेरिका असल्या अंतरांना नाही चालत, तिथं पृथ्वीचा गोलपणा खूप जास्त बोलतो, तिथं सरळ ग्लोबवर दोरा ताणून बघा म्हणजे सपाट नकाशावर वाकडी दिसणारी रेघच खरी जवळची असते हे डोळ्याला दिसतं.

विमानवाले किमी वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. आपलं अंतर त्यात १,५८५ च्या आसपास येतं. एखाद्या साइटवर अंतर अचानक निम्म्यासारखं दिसलं तर आधी एकक बघा.

३. हवेतला वेळ

आपण ज्यात बसतो ती एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखी जेट विमानं वर गेल्यावर ताशी साधारण ८३० किमीने जातात. पण चढताना, उतरताना, वळसे घेताना वेग कमी असतो, म्हणून माझा ठोकताळा असा की अंतर भागिले ८०० करा आणि वर अर्धा तास घाला.

दिल्ली-लेह ६२२ किमी, ४७ मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे १ तास १७ मिनिटं. कोलकाता-पोर्ट ब्लेअर १,३०७ किमी, २ तास ८ मिनिटं. दिल्ली-पोर्ट ब्लेअर सुमारे २,४८५ किमी, ३ तास ३६ मिनिटं. तिकिटावरचे आकडे याच्या आसपासच असतात, पाच-पंधरा मिनिटं इकडं तिकडं. लेह-पोर्ट ब्लेअर याच हिशोबाने ४ तास १० मिनिटं. मी बघितलेले "चार तास" ते हेच.

छोट्या विमानतळांवर एटीआर येतं, पंख्याचं विमान, त्याला ८०० ऐवजी ५०० घ्या.

४. त्या रेघेवरून विमान जातं का, हे विचारा

इथंच मी फसले. साइट दोन ठिपके जोडते आणि वेगाने भागते, त्या मार्गावर विमान आहे की नाही हे ती बघतच नाही. आईसाठी शोधलं तेव्हा लेहहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान एकही नव्हतं.

नकाशावर ती सरळ रेघ एकदा ओढून बघा. लेहहून निघून ती तिबेटच्या कोपऱ्यावरून जाते, मग पश्चिम नेपाळ, मग बिहार-झारखंड, ओडिशाचा किनारा आणि पुढं बंगालचा उपसागर. आता तिबेटवरून प्रवासी विमानं सहसा का जात नाहीत तर त्याचं कारण साधं आहे. वर केबिनमधली हवा गेली तर डोक्यावरचे मास्क पडतात, त्यातला ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा-पंधरा मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलटने विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणायचं असतं. तिबेटमध्ये जमीनच त्याहून उंच आहे, खाली आणणार कुठं? म्हणजे ती रेघ नुसतं गणित आहे, रस्ता नाही.

मग खरा मार्ग टप्प्यांचा. दिल्लीवरून गेलात तर ६२२ अधिक २,४८५, म्हणजे ३,१०७ किमी. बघा, सरळ रेघेपेक्षा फक्त १७० किमी जास्त! मला वाटलेलं दिल्लीला जायचं म्हणजे केवढा उलटा फेरा, पण लेह दिल्लीच्या जवळजवळ सरळ वर आहे त्यामुळे फेरा पडतच नाही. दिल्ली आणि मग कोलकाता असं केलंत तर ३,२४२ किमी. मुंबईवरून करायचं म्हटलं तर मात्र चार हजारच्या वर जातं, सरळ रेघेपेक्षा हजारएक किमी जास्त, म्हणजे हवेतच सव्वा तास वाढला. तरीही मधे दोन दिवस घरी राहायचं असेल तर मुंबईमार्गे करा, त्यात काही चूक नाही, फक्त आकडा माहीत असू द्या.

थोडक्यात, जास्तीचं अंतर तुमचा वेळ खात नाही. वेळ खातो तो थांबा.

५. तिकिटावरची वेळ कशी वाचायची

तिकिटावर निघायची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलायची वेळ, आणि पोचायची म्हणजे तिकडं जागेवर उभं राहायची. याला ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्लीत रनवेपर्यंत जायला आणि रांगेत उभं राहायलाच वीसएक मिनिटं सहज जातात, ती यात धरलेली असतात. फ्लाइटरडार२४ वर, म्हणजे उडणारी विमानं नकाशावर दाखवणाऱ्या साइटवर, बघाल तर हवेतला वेळ कमी दिसेल, गोंधळू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का, हा पण प्रश्न येतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम. दिल्लीहून कोलकात्याला जाताना तो मागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. समजा वारा ताशी १०० किमीचा आहे, तर १,३१३ किमीला जाताना साधारण १ तास २५ मिनिटं आणि येताना १ तास ४८ मिनिटं, नुसत्या वाऱ्याने २३ मिनिटांचा फरक. याचं भारी उदाहरण म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, अंतर १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झालं आणि वेळ तरी जवळजवळ दोन तास वाचला, कारण वारा मागून. तिकडं मुलांकडं जाणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं की फार आश्चर्य वाटतं.

६. दोन्ही टोकांचे स्वभाव समजून घ्या

लेह समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर, आजूबाजूला डोंगर. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला जोर कमी मिळतो आणि पंखांना उचल कमी. दुपारी ऊन तापलं की हवा अजून विरळ होते आणि दरीत वारा सुटतो, म्हणून लेहची विमानं बहुतेक करून सकाळचीच असतात. विमान साधारणपणे एका बाजूने उतरतं आणि त्याच बाजूला परत उडून जातं, कारण दुसऱ्या टोकाला डोंगर आहे. सकाळी ढग खाली असले की विमान दिल्लीतून निघतच नाही, किंवा लेहवर येऊन परत जातं. आणि सकाळची वेळ हुकली की मग बऱ्याचदा थेट दुसऱ्या दिवशीच. वजन जास्त होतंय म्हणून सामान मागं ठेवायची वेळ पण येऊ शकते, त्यामुळे औषधं, चष्मा, एक जोड कपडे हे हातातल्या बॅगेतच ठेवा, आईला मी हे पहिल्यांदा सांगते.

पोर्ट ब्लेअर याच्या अगदी उलट, समुद्राला टेकलेलं, उंची जेमतेम चार मीटर. तिथला धावपट्टीचा भाग नेव्हीचा, त्यांच्या तळाचं नाव आयएनएस उत्क्रोश. जुलै २०२३ मध्ये मोठं नवं टर्मिनल सुरू झालं. तिथली अडचण पावसाची आणि एकटेपणाची, म्हणजे उतरता आलं नाही तर शेजारी दुसरं सोयीचं विमानतळ नाही, विमानाला कोलकाता किंवा चेन्नईला परत यावं लागतं. दोन तास जाऊन दोन तास परत, आणि तुम्ही जिथून निघालात तिथंच. मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, त्या काळात एक दिवस हाताशी ठेवाच.

७. जोड-विमान: इथं पैसे आणि वेळ दोन्ही जातात

आमचं काय झालं ते सांगते. एका एजंटने आईची दोन वेगळी तिकिटं काढली, लेह-दिल्ली आणि पुढचं, मधे पावणेदोन तास, दोन्ही वेगळ्या टर्मिनलवर. लेहला ढग होते, विमान दोन तास उशिरा निघालं, दिल्लीतलं पुढचं गेलं. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आई "आलीच नाही", पैसे परत नाहीत, नवं तिकीट स्वतःच्या खर्चाने. एकटी बाई, चौसष्ट वर्षांची, हातात दोन बॅगा, आणि मी इकडं फोनवर. तो दिवस मला परत नकोय.

म्हणून आता मी असं करते. शक्य असेल तर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, पूर्ण प्रवास घ्यायचा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामान पण बहुतेक वेळा शेवटपर्यंत टॅग होतं, काउंटरवर विचारून घ्या. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर लेहहून येणाऱ्यासाठी मधे किमान पाच-सहा तास. आणि घरातलं वयस्कर माणूस असेल तर सरळ दिल्लीत एक रात्र काढायची. टर्मिनल कुठलं आहे ते तिकिटावर बघा आणि आदल्या दिवशी परत बघा, दिल्लीत टर्मिनल १ आणि ३ मधे बसने किंवा टॅक्सीने जावं लागतं, चालत जाण्यासारखं नाही. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, त्याचा फायदा असा की रस्ता दाखवायला सोबत माणूस मिळतो, आईसारखीला तेच जास्त महत्त्वाचं.

८. आता घरातून घरात किती ते मांडा

कागद घ्या आणि एकेक लिहा, मनात करू नका. आईचा असा झाला: लेहच्या घरातून सकाळी साडेसहाला निघाली, लेहला तपासणी कडक असते म्हणून अडीच तास आधी. नऊचं विमान अकराला निघालं, दिल्लीत सव्वाबाराच्या सुमारास. पुढचं चुकलं. दुपार नवीन तिकिटात गेली, रात्र विमानतळाजवळच्या लॉजवर, पहाटे तीनला परत विमानतळ, सहाच्या थेट विमानाने साडेनऊच्या पुढं पोर्ट ब्लेअर, सामान घेऊन ताईच्या घरी अकरा. साडेअठ्ठावीस तास. त्यात हवेतले पाच पण पूर्ण नाहीत. सरळ अंतराला भागलं तर ताशी १०३ किमी, म्हणजे हायवेवरच्या गाडीचा वेग झाला.

पण खरी गोष्ट ही की पुढचं विमान चुकलं नसतं तरी सगळं नीट धरून हा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचाच होता, कारण दिल्लीहून कोलकात्याला पोचून रात्र तिथं काढायची होती. मी तिला आधीच "उद्या सकाळी पोचशील" सांगितलं असतं तर तिने डबा, गोळ्या, शाल तसं घेतलं असतं.

अजून एक, घड्याळ. दोन्हीकडं वेळ एकच, पण सूर्य एक नाही. रेखांशातला फरक १५.१८ अंश आहे ना, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे पोर्ट ब्लेअरचा सूर्य लेहच्या तासभर पुढं चालतो. जूनमध्ये लेहला साडेसातपर्यंत उजेड असतो, पोर्ट ब्लेअरला सहाच्या आत अंधारायला लागतं, डिसेंबरात तर पाचलाच. फिरायला जाणाऱ्यांनी हे नक्की धरा, दुपारी तीनला पोचून "आज बीच बघू" म्हणाल तर हॉटेलात सामान टाकेपर्यंत अंधार.

९. उलटं जाणार असाल तर, पोर्ट ब्लेअरहून लेहला

अंतर तेवढंच आहे पण शरीराला हा प्रवास फार वेगळा पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण ८,००० फुटांवर असतो तसा ठेवलेला असतो आणि लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर. म्हणजे बाकी ठिकाणी दार उघडलं की हवा दाट होते, लेहला दार उघडलं की अजून विरळ. चार मीटरवरून निघून दुसऱ्या दिवशी ३,२५६ मीटरवर, डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं होऊ शकतं. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, जिने पण हळू, पाणी भरपूर, दारू नको. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या कुणाचं ऐकून घेऊ नका. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता हॉस्पिटल.

आणि अंदमानात स्कूबा केलं असेल तर हे वाचाच. पाण्याखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो, वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण त्याआधीच कमी दाबाच्या हवेत गेलात तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखं, आणि ते सांध्यांत, मणक्यात त्रास देतात. म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास, आणि पुढं लेह असेल तर मी म्हणेन पूर्ण २४ तास तरी ठेवा, कारण इथं विमानातून उतरून सुद्धा तुम्ही परत दाट हवेत येत नाही, वरच राहता. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला उरका, शेवटच्या दिवशी सेल्युलर जेल बघा, म्हणजे पहिल्या विमानात बसायच्या आधीच तो वेळ आपोआप निघून जातो.